तालमीतली मुलगी

नाटकाच्या संहितेत मुलीला नाव नव्हतं. पहिल्या पानावर लेखकाने एवढंच लिहिलं होतं की आठ वर्षांपूर्वी या जोडप्याची सहा वर्षांची मुलगी बाजारात हरवली आणि अजून सापडलेली नाही. बस्स. पुढची बासष्ट पानं नवरा-बायको भांडतात, गप्प बसतात, चहा करतात आणि पुन्हा भांडतात. मुलगी काही रंगमंचावर यायची नव्हती, मग तिला नाव कशाला, असं लेखकमहाशयांना वाटलं असावं.

मगदूम सरांना ते पटलं नाही. सांगलीत बावीस वर्षं ते राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटकं बसवत होते. दिवसा वजनकाटे दुरुस्त करणारा हा माणूस संध्याकाळी सहाला मुलींच्या शाळेच्या हॉलमध्ये शिरला, की त्याच्या अंगात वेगळंच वारं यायचं. त्यांचा हट्ट एकच होता. पात्राचा भूतकाळ नटाने पाठ करायचा नाही, जगायचा.

"संहिता मिटा," ते म्हणाले. "आज मुलीचं बारसं. हेमा, तू आई. शिरीष, तू बाप. समोरचा म्हणेल ते खरं धरायचं, आणि मी टाळी वाजवीपर्यंत सोडायचं नाही."

हेमा म्हणजे हेमांगी बिरनाळे. वय एकोणचाळीस. विश्रामबागेत तिचं लेडीज टेलरचं दुकान होतं, नवरा किरण इलेक्ट्रिकल कंत्राटदार, आणि बारा वर्षांची मुलगी सानिका. शिरीष कवठेकरचं मेडिकलचं दुकान. त्याला मूलबाळ नव्हतं. दोन बाकांना ओढणी बांधून पाळणा केला, त्यात काहीही नव्हतं, आणि शिरीष त्या काहीही नसलेल्यावर वाकून हळूच म्हणाला, "केतकी."

झालं, मुलीला नाव मिळालं.

त्यानंतर दीड महिना रोज एक प्रसंग. केतकीचा पहिला ताप, केतकीचा शाळेचा पहिला दिवस. शिरीष हवेतून गोष्टी काढायचा, हेमांगीला ते जमेना. ती अडखळली की सर वैतागायचे. "अगं, घरात मुलगी आहे की तुझ्या! तिचंच दे थोडं. केतकीला काय, चालतंय."

नट लोक हे पिढ्यान् पिढ्या करत आलेत. स्वतःच्या घरातलं काढून पात्राला द्यायचं, आणि नाटक संपलं की परत घरी न्यायचं. हेमांगीनेही दिलं. सानिका तीन वर्षांची असताना इंचटेप मुठीला गुंडाळल्याशिवाय झोपायची नाही, ते दिलं. कुकरची शिट्टी झाली की "मामा आला, मामा आला" म्हणून दाराकडे पळायची, कारण मामा गल्लीतून तशीच शिट्टी घालत यायचा, तेही दिलं. झोक्यावरून पडून हनुवटीला पडलेले तीन टाके दिले. देताना मजा वाटली. हातात काही उरणार नाही असं काही वाटण्याचं कारणच नव्हतं.

पण त्या वर्षी तालमीत पट्टी आली होती.

पट्टी म्हणजे कपाळाला बांधायची मऊ कापडी पट्टी, पुण्यातल्या एका कंपनीने बनवलेली. मूळ कल्पना अर्धांगाच्या झटक्यानंतर वाचा गेलेल्या माणसांसाठी. आठवण ही काही कपाटात ठेवलेली वस्तू नसते. आपण दर वेळी ती बाहेर काढतो, तेव्हा ती चार-सहा तास मळलेल्या कणकेसारखी मऊ पडते आणि मग पुन्हा घट्ट होते. ती मऊ असतानाच मेंदूतल्या नेमक्या त्या पेशींना चुंबकीय स्पंदनांचा हलका धक्का दिला, तर ती आणखी पक्की बसते. उलटे धक्के दिले तर विरून जाते. हरवलेले शब्द रुग्णांना असे परत मिळू लागले, आणि वर्षभरात परीक्षेची पोरं, कीर्तनकार, नट, सगळेच पाठांतरासाठी पट्टी वापरू लागले.

पट्टीच्या माहितीपत्रकात सातव्या पानावर एक सूचना होती. आपल्या मेंदूत, कपाळामागे, एक राखणदार बसलेला असतो. हे पाहिलेलं, हे नुसतं मनात आलेलं, असं तो वेगळं करत असतो. स्वप्नात तो झोपतो. आणि माणूस आयत्या वेळी, न ठरवता, दुसरं कोणी होऊन बोलू लागला की त्या वेळीही तो बाजूला सरतो. तसा सरला नाही तर माणसाला तसं बोलताच येत नाही. अशा वेळी रचलेलंही खरं घडल्यासारखं पक्कं बसू शकतं, म्हणून पट्टी फक्त लिखित मजकूर पाठ करताना बांधावी, असं त्यात म्हटलं होतं. मगदूम सर माहितीपत्रकं वाचणाऱ्यांपैकी नव्हते. पट्ट्या त्यांनी नेमक्या इम्प्रोलाच, म्हणजे न लिहिलेले प्रसंग आयत्या वेळी करतानाच बांधल्या, कारण त्यांच्या मते अभिनय तिथेच होता.

हरवण्याचा प्रसंग सरांनी हॉलमध्ये केलाच नाही. एका शनिवारी दुपारी चार-पाच जण गणपती पेठेत गेले. हेमांगी आणि शिरीष पट्ट्या बांधून, केसांवर टोप्या घालून. हेमांगीने डावा हात थोडा खाली धरला होता, सहा वर्षांच्या मुलीचा हात धरतात तसा. भांड्यांच्या दुकानापाशी तिने तो सोडला. वळली, आणि किंचाळली.

"अहो, केतू कुठंय?"

शिरीष पळत सुटला. ती दुसऱ्या गल्लीत शिरली. दुकानदारांना विचारत सुटली, पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, हनुवटीला टाके. माणसं काळजीने थांबली. आणि बांगड्या विकणारी एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, "व्हय ताई, बघितली की. आत्ताच गेली बघा घाटाकडं. एकलीच हुती."

म्हातारीला काय दिसलं देव जाणे. दुसरं कुणाचं लेकरू असेल, किंवा रडणाऱ्या बाईला काहीतरी आधार द्यावा म्हणून बोलली असेल. हेमांगीच्या अंगावर मात्र सरसरून काटा आला. ती घाटाकडे धावली. तास उलटून गेला तरी टाळी वाजेना. शेवटी शिरीषलाच सर सापडले, नदीच्या पायऱ्यांवर. ते वाकून पाण्याकडे पाहत होते. टाळी वाजवायची विसरले होते, कारण तेही शोधत होते.

प्राथमिक फेरीत नाटक पहिलं आलं. परीक्षकांनी लिहिलं की हे दुःख अभिनयाच्या पलीकडचं आहे. पेढे वाटले गेले. फेब्रुवारीत अंतिम फेरी होती, तोवर पट्ट्या सरांच्या कपाटात गेल्या.

केतकी कपाटात गेली नाही.

आधी छोट्या गोष्टी झाल्या. हेमांगी ताटं तीनऐवजी चार घ्यायची आणि एक गुपचूप परत ठेवायची. सानिकाला "केतू" अशी हाक जायची. तिला पक्कं ठाऊक होतं की केतकी नाटकातली आहे. कुणी विचारलं असतं तर तिने तसंच सांगितलं असतं. पण ठाऊक असणं एक आणि आठवणं वेगळं. आठवणीत तो हात सुटायचा, ती म्हातारी बोलायची, घाटावर वारा असायचा. रोज.

डिसेंबरात किरणला दुकानातली मापवही सापडली. गिऱ्हाइकांची नावं, मापं, तारखा. मध्येच एका पानावर नुसतं 'केतकी', आणि खाली मापं. उंची, खांदा, छाती, कंबर. चौदा वर्षांच्या मुलीची. टेबलाखाली त्या मापाचा आकाशी ड्रेस शिवून, इस्त्री करून ठेवलेला होता. सानिकाला तो दोन बोटं लांब झाला असता.

"ही मापं कुणाची?" किरणने विचारलं.

"चौदाची झाली असेल ना आता."

"हेमा, कोण चौदाची झाली असेल?"

ती मशीनवर बसली होती. पाय थांबले. "मला कळतंय हो," ती म्हणाली. "पण घेताना मला तिचा खांदा लागला हाताला. टेप धरला तर ती गुदगुल्या होऊन हलली. मी काय करू?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी किरणने मागे वळून पाहिलं.

तिकडे शिरीषने तर केतकी हरवल्याची पत्रकंच छापली होती. त्याने आणि हेमांगीने मिळून संगणकावर तिचा चेहरा बनवला, चौदाव्या वर्षी कशी दिसेल तसा, आणि आश्चर्य असं की नाक, भुवया, ओठ, कशावरच दोघांत मतभेद झाला नाही. फोन येऊ लागले. जयसिंगपुरात पाहिली, तासगावच्या बसमध्ये होती. शिरीषच्या बायकोने मगदूम सरांना गाठलं. सर मान खाली घालून म्हणाले, "अंतिम फेरी होऊ द्या वहिनी, मग पुसून घेऊ. कंपनीत सोय आहे." ती बाई अंतिम फेरीसाठी थांबणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिने नवऱ्याला पुण्याला नेलं.

आठवड्याने हेमांगी मेडिकलमध्ये गेली. "अहो," ती म्हणाली. एरवी ती त्याला शिरीषदादा म्हणायची. काउंटरमागे बसलेल्या त्याच्या बायकोने डोकं वर केलं.

"हेमाताई! या की," शिरीष हसला. चेहरा ताजातवाना. "काय देऊ?"

"तासगावहून पुन्हा फोन आला होता. केतूचा."

"केतू?" त्याने आठवून पाहिलं. "हां हां, नाटकातली ती मुलगी. काय झकास बसलं होतं ना नाटक?"

हेमांगी क्रोसिनच्या गोळ्या घेऊन बाहेर आली आणि फुटपाथवर उभी राहिली. बापाने मुलीला ओळखलं नव्हतं. आता या जगात केतकीला ओळखणारी ती एकटीच उरली होती. मेलेल्या माणसाबद्दल निदान तो मेलाय असं तरी कुणी म्हणतं. हिच्याबद्दल तेही कुणी म्हणणार नव्हतं.

जानेवारीत मिरजेत जे झालं, ते मात्र नाटक नव्हतं. सानिकाला घेऊन ती कापडखरेदीला गेली होती. स्टेशनसमोर फोन वाजला. पत्रक पाहिलेला कुणी माणूस म्हणाला, तुमची मुलगी इथं फलाटावर बसलीय, आकाशी कपडे आहेत. हेमांगीने डाव्या हातातला सानिकाचा हात सोडला आणि ती धावली. सगळे फलाट पाहिले, पुलावर गेली, पलीकडच्या वस्तीत गेली. तीन तासांनी किरणचा फोन आला तेव्हा तिला आठवलं की आपल्यासोबत कुणीतरी होतं.

सानिका पोलीस चौकीपाशी कापडाची पिशवी छातीशी धरून उभी होती. रडून रडून गाल ताठले होते. तिने कुणाचा तरी फोन मागून बापाला बोलावलं होतं. किरण दोघींना घरी घेऊन आला. दारात चपला काढताना सानिका म्हणाली, "आई, मी हरवले तेव्हा तू दुसरीलाच शोधत होतीस."

हेमांगीला हे लागलं, फार लागलं. तिसऱ्या दिवशी तिघं पुण्याला गेले.

कंपनीच्या डॉ. टिळेकर बाई साठीच्या, सुती साडी, बोलायला सरळ. त्यांनी हेमांगीला पट्टी बांधून दोन तास प्रश्न विचारले, पडद्यावर ठिपके उजळताना पाहिले, आणि मग चष्मा काढून ठेवला.

"शिरीषरावांचं सोपं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी सगळं हवेतून काढलं होतं. तुम्ही केतकीला तुमच्या मुलीचं दिलंय. टाके, टेप, ती शिट्टी. आता या दोन आठवणी राहिलेल्याच नाहीत, एकच आहे. मी केतकी पुसली तर सानिकाची पहिली सहा वर्षं जातील. थोडीफार राहतील, पण बहुतेक जातील. आणि केतकीच्या शोधात तुम्ही जे जे केलंत, तेही तिच्याबरोबर जाईल."

"आणि नाही पुसली तर?"

"घट्ट होत जाईल. रोज आठवताय ना? रोज थोडी मऊ होते, रोज आणखी पक्की बसते. वर्षभराने या दोघींतली खरी कोणती, ते तुमच्या मेंदूला सांगता येणार नाही."

हेमांगी बाहेर आली. व्हरांड्यात सानिका बाकावर बसली होती. किरण चहा आणायला गेला होता. हेमांगीने लेकीला सगळं सांगितलं, काही न लपवता. बारा वर्षांच्या पोरीला असलं सांगू नये म्हणतात, पण दुसरं कुणाला विचारणार?

"माझं सगळं जाणार?" सानिकाने विचारलं.

"लहानपणचं."

"आणि मिरज?"

"तेही जाईल. तिच्याचसाठी धावले होते ना मी."

सानिकाने बराच वेळ नखं कुरतडली. हेमांगी म्हणाली, "सोनू, मला कळतंय ती नाहीये. पण मी विसरले तर तिला शोधणारं दुसरं कुणी नाही गं."

"मला तरी कोण आहे?" सानिका म्हणाली.

हेमांगी उठली आणि आत जाऊन खुर्चीवर बसली.

पुसायचं असलं तरी आधी पूर्ण आठवावं लागतं. मऊ पडल्याशिवाय काही विरत नाही. "तिला बोलवा," डॉक्टर म्हणाल्या. "घाई नाही."

हेमांगीने डोळे मिटले. केतकी आली. सहा वर्षांची नाही, चौदा वर्षांची. अंगात तो आकाशी ड्रेस, खांद्यात अगदी नेमका बसलेला. हनुवटीवर टाक्यांची खूण. अशी ती कुठल्याच तालमीत आली नव्हती. ती हेमांगीच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, धाप लागल्यासारखी, आणि म्हणाली, "किती वेळ लावलास गं आई. मी कधीची उभी आहे."

हेमांगीने हात पुढे केला. बोटांना बोटं लागली, गार आणि थोडी घामेजलेली. कानाशी बारीक टकटक सुरू झाली. केतकीने मान वळवली, पलीकडून कुणीतरी हाक मारल्यासारखी, आणि तिचा चेहरा एका बाजूने पुसट होऊ लागला. "नको," हेमांगी म्हणाली. तिला मुलीचं नाव घ्यायचं होतं. ते जिभेवर होतं. मग ते कशाचं नाव होतं तेच कळेना.

डोळे उघडले तेव्हा वर पांढरं छत होतं आणि तिचे गाल ओले होते. आपण का रडतोय, हे तिला सांगता येईना.

जाताना डॉक्टरांनी किरणला आणि सानिकाला बाजूला घेतलं. "पुढचे सहा तास जपा. मेंदू अजून मऊ आहे. या वेळात कानावर पडेल ते खऱ्यासारखं बसेल, म्हणून भांडण नको, टीव्ही नको. आणि खोटं तर अजिबात सांगू नका."

संध्याकाळी सांगलीकडे परत निघाले. किरण गाडी चालवत होता, मायलेकी मागे. कराडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या, वेग कमी झाला. हेमांगी शेजारच्या मुलीकडे पाहत होती. ही आपली मुलगी, सानिका, हे तिला ठाऊक होतं. दुसरीतली सानिका आठवत होती, तिसरीतली आठवत होती. त्याआधी काही नव्हतं. जणू कुणीतरी सात वर्षांची मुलगी एके दिवशी दारात आणून सोडली होती. तिला त्या रिकामपणाची भीती वाटली आणि मुलीसमोर लाजही वाटली.

"लहानपणी कशी होतीस गं तू?" तिने विचारलं.

सानिका सांगू लागली. तिला स्वतःला कुठलं आठवायला, पण घरात हजारदा ऐकलेलं होतं. मुठीतला टेप सांगितला. मामाची शिट्टी सांगितली, शिट्टी वाजवूनही दाखवली. हनुवटी पुढे करून टाके दाखवले. हेमांगीने बोटाने ती खूण चाचपली आणि हसली. एकेक गोष्ट आत जाऊन बसत होती, आणि बसली की आपलीशी वाटत होती. पुढच्या सीटवर किरणचे खांदे सैल झाले.

मग सानिका खिडकीकडे वळली. बाहेर पाहत राहिली.

"आणि मी एकदा हरवले होते," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ताच, या महिन्यात. मिरजेत, स्टेशनसमोर."

"अगं बाई! मग?"

गाडीचा वेग एकदम कमी झाला. मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला. किरण आरशातून मुलीकडे पाहत होता. सानिकाने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिचे हात मांडीवर घट्ट आवळलेले होते.

"मग तू मला शोधलंस," ती म्हणाली. "तीन तास. सगळ्यांना विचारत होतीस. फलाटावर गेलीस, पुलावर गेलीस. रडत होतीस खूप."

किरणने नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली. गाडी पुन्हा वेगात निघाली.

हेमांगीला ते दिसू लागलं. आधी अंधूक, मग स्वच्छ. स्टेशनसमोरचा तो गोंधळ, पुलाच्या पायऱ्या, स्वतःचा बसलेला घसा. तिने मुलीला जवळ ओढलं, इतकं घट्ट की सानिकाला दुखलं असेल.

"चौकीपाशी उभी होतीस तू," हेमांगी म्हणाली. "पिशवी छातीशी धरून. मी लांबूनच हाक मारली, तर तू वळून बघितलंस. हो ना?"

सानिकाचा चेहरा आईच्या खांद्यात होता. आवाज नीट येत नव्हता.

"हो आई," ती म्हणाली. "मग आपण घरी आलो."